गाईंनी खाल्लेली भिंत

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी प्लॅस्टिकच्या डब्या वाटायच्या आणि तेवढ्याच डब्या दुसऱ्यांच्या घरून घेऊन यायच्या, या प्रकाराचा मला मनापासून वीट आला होता. आमच्या साताऱ्याच्या घरी माळ्यावर एक पोतं नुसतं वाणाच्या डब्यांनी भरलंय. झाकणं वेगळी, डब्या वेगळ्या, एकाचा एकाला मेळ नाही. त्यामुळे बडोद्याहून माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला, "नंदे, या वर्षी उत्तरायणला इकडेच ये ने! केतकी गवताचं घर बांधतेय आणि तुझे दाजी तोंड फुगवून बसलेत," तेव्हा मी फार विचार केला नाही. शाळेत रजेचा अर्ज टाकला आणि तिकीट काढलं.

नवरा म्हणाला, "गवताचं घर बघायला बडोद्याला? कासला काय कमी गवत आहे?"

"कासच्या गवताबरोबर उंधियू मिळत नाही," मी म्हटलं आणि बॅग भरायला घेतली.

तुम्हाला जायचं असेल तर आधी कामाचं सांगते. पुण्याहून संध्याकाळी निघून पहाटे बडोद्याला सोडणारी गाडी सोयीची, पण उत्तरायणला अर्धा गुजरात आपापल्या गच्चीवर परतत असतो, तेव्हा आरक्षण दिवाळीतच करून ठेवा. मला शेवटी वरचा बर्थ मिळाला आणि खाली एक सुरतचं कुटुंब पतंगांची भलीमोठी पिशवी मांडीवर घेऊन बसलेलं. स्वेटर न्या. पहाटेची थंडी साताऱ्यासारखीच असते आणि दुपारी त्याच स्वेटरचा राग येतो. स्टेशनवरून ताईच्या घरी, कारेलीबागेला, रिक्षा सहज मिळते. भाडं आधी विचारून घ्या आणि मराठीत विचारलंत तरी चालतं, निम्मे रिक्षावाले मराठीत उत्तर देतात.

आता घरातली माणसं सांगते, म्हणजे पुढची भानगड कळेल. ताई लग्न होऊन बडोद्याला गेली तेव्हा तिला 'केम छो' सुद्धा धड म्हणता येत नव्हतं. आता ती भाजीला शाक म्हणते आणि रागावली की गुजरातीतच रागावते. दाजी, म्हणजे तिचे यजमान, रिफायनरीत सुरक्षा विभागात आहेत. काही पडता कामा नये, काही गळता कामा नये, काही पेटता कामा नये, हे त्यांचं जन्माचं काम. घरीसुद्धा रोज सकाळी गॅसच्या नळीवरून हात फिरवतात. दर दिवाळीला ते आम्हाला लिलो, म्हणजे मऊ ओलसर, चिवडा आणि भाकरवडीचं पार्सल पाठवतात, त्याला सुतळीच्या इतक्या निरगाठी असतात की माझा नवरा आधी विळी शोधतो आणि मग पार्सलाकडे वळतो. आणि केतकी ही त्यांची एकुलती एक मुलगी. नुकतीच आर्किटेक्ट झालेली, डोक्यावर केसांचा टोपला, हातावर कायम कसला तरी ओरखडा.

भांडण असं होतं. दाजींनी तिच्यासाठी अहमदाबादला एका मोठ्या बांधकाम कंपनीत नोकरी बघून ठेवली होती. त्या काळात अहमदाबादच्या रस्त्यावर दर महिन्याला एखादी काचेची इमारत उगवत होती आणि तिथे मुलगी लागली की जन्माचं कल्याण, असं दाजींचं म्हणणं. केतकीला मात्र कच्छमध्ये माती आणि बांबूची घरं बांधणाऱ्या एका संस्थेत वर्षभर काम करायचं होतं. त्या संस्थेनं बडोद्यात एक स्पर्धा ठेवली होती. वासणा भागातल्या एका मोकळ्या मैदानावर प्रत्येक गटानं चारदोन दिवस उभी राहील अशी वास्तू बांधायची. ती उतरवल्यावर मैदानावर काही उरायला नको आणि कचऱ्यातही काही जायला नको. कुठली वस्तू कुठून आणली आणि नंतर कुठे जाणार, ते परीक्षकांना सांगायचं. पहिला येईल त्याला कच्छमधलं ते वर्ष विद्यावेतनासह मिळणार.

"पहिला नंबर आला तर जा कच्छला," दाजी म्हणाले होते. "नाही आला तर पहिल्या तारखेला अहमदाबाद."

"शब्द?"

"शब्द."

हे सगळं ताईनं मला चहा गाळता गाळता सांगितलं. दाजी पेपरच्या आड होते. पेपर खाली न करता म्हणाले, "नंदा, तूच सांग. चार दिवस उभं करायचं आणि मग आपल्याच हातानं उतरवायचं, याला काम म्हणतात का? मग मांडववाले काय वाईट?"

"मांडववाले निदान जेवायला तरी घालतात," मी म्हटलं. पेपर हलला. हसले असावेत.

पहिल्या दिवशी दुपारी केतकी मला स्कूटीवर घालून मैदान दाखवायला घेऊन गेली. वाटेत सेव-उसळ खाल्ली. बडोद्याला गेलात आणि सेव-उसळ न खाता आलात तर माझ्याशी बोलू नका. वाटाण्याची उसळ, वर लसणाची लालभडक चटणी, कांद्याची पात आणि शेवेचा ढीग, सोबत पाव. रस्सा संपला की आपणहून आणखी वाढतात. पन्नासच्या नोटेत दोघींचं पोट भरून वर ताक आलं. आमची मिसळ श्रेष्ठ, हे माझं मत कायम आहे, पण तिथं ते मी मोठ्यानं बोलले नाही.

विश्वामित्री ओलांडून पश्चिमेला गेलं की वासणा. नव्या सोसायट्या, नवे डांबरी रस्ते, मध्येच एखादं शेत अजून विकलं न गेलेलं. तसल्याच एका मैदानावर केतकीचं काम उभं होतं. काय सांगू! जाडजूड बांबूंचा गोल सांगाडा, वर जुन्या धान्याच्या पोत्यांचं छत, आणि भिंती म्हणजे ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या. अगदी वाळलेल्या नाहीत, अजून हिरवट. एकावर एक खोचून त्यांनी जमिनीपासून डोक्यापर्यंत भिंत रचली होती आणि मध्ये मध्ये हात जाईल एवढ्या खिडक्या. आत शिरले तर बाहेरच्या उन्हाचा पत्ता नाही. गोडसर वास. खाली बसावं, पाय पसरावेत आणि कुणी चहा आणून द्यावा, असं वाटलं.

"बांबू उसने आणलेत, मांडववाल्याचे, त्याला परत," केतकी बोटांवर मोजत सांगत होती. "पोती धान्याच्या व्यापाऱ्याची. काथ्या गुंडाळून पुढच्या कामाला. आणि भिंती पांजरापोळला."

"म्हणजे?"

"म्हणजे स्पर्धा झाली की गाई खाणार, मावशी. भिंतीचा शेवट गाईच्या पोटात."

मी त्या पोरीकडे बघतच राहिले. माळ्यावरचं डब्यांचं पोतं आठवलं आणि माझं मलाच हसू आलं.

उत्तरायणची सकाळ. साताऱ्यात आपली संक्रांत म्हणजे सुगडं, तीळगूळ आणि काळी साडी. बडोद्यात उजाडताच अख्खं गाव गच्चीवर. कारेलीबागेतल्या एकेका गच्चीवर तीन तीन पिढ्या, स्पीकर, शेरडीचे, म्हणजे उसाचे तुकडे, बोरं, चिक्की, बोटांना चिकटपट्ट्या आणि डोक्यावर टोप्या. पतंग कापला की "काप्यो छे!" अशी आरोळी उठते आणि त्याबरोबर थाळ्या, पिपाण्या, भोंगे. ताई, माझी पन्नाशी उलटलेली बहीण, फिरकी धरून "लपेट, लपेट!" म्हणून ओरडत होती. घरात तिनं गुळाच्या पोळ्या आणि उंधियू दोन्ही केलं होतं. दोन्ही राज्यं एका ताटात, आणि मी दोघांनाही न्याय दिला.

केतकी पहाटे मैदानावर जाऊन, शेवटच्या दोऱ्या तपासून घरी परतली होती आणि अंघोळ करून जरा आडवी झाली होती. परीक्षक दोन दिवसांनी येणार होते, पण सणाची गर्दी म्हणून मैदान लोकांना बघायला खुलं ठेवलं होतं. दाजी म्हणाले, "अर्धा सुका चारा आणि एवढी माणसं. कुणी विडी ओढली तर? मी बघून येतो." त्यांनी गॅरेजमधून दोन लाल बादल्या काढल्या, सोसायटीच्या बांधकामातली वाळू त्यांत भरली, आणि मला म्हणाले, "चल, मागे बसून बादल्या धर."

तर अशी मी, नव्या साडीत, दोन हातांत वाळूच्या दोन बादल्या घेऊन, बडोद्याच्या रस्त्यानं स्कूटरवरून गेले. दाजींच्या गळ्याला मांजापासून बचाव म्हणून जाड मफलर आणि स्कूटरच्या पुढे तारेची कमान. तुम्ही त्या दिवशी दुचाकीवर निघालात तर हे दोन्ही हवंच, यात हयगय करू नका.

मैदानावर बादल्या दारात ठेवल्या. दाजींनी सगळ्या भिंतीभोवती एक चक्कर मारली, बांबू हलवून बघितले. काही बोलले नाहीत, म्हणजे चूक सापडली नव्हती. केतकीचे सोबती चहाला गेलेले. दाजी म्हणाले, "तू बाकीची बघून ये, मी इथे थांबतो." मी गेले.

बाकीचीही पाहण्यासारखी होती बरं का. एका गटानं कापडाच्या गिरण्यांतल्या पुठ्ठ्याच्या नळ्या आणून लांबलचक बोगदा केला होता. नळ्यांच्या तोंडातून गोल गोल ऊन आत पडत होतं आणि त्यातून पोरं पळत होती. दुसऱ्यांनी सायकलचे फाटके टायर एकात एक गुंफून झोपाळ्यांचा मंडप केला होता. मी झोपाळ्यावर बसले, थोडा जास्तच वेळ बसले, आणि परत आले तर केतकीच्या गवताच्या घरासमोर ही गर्दी.

झालं होतं असं. गुजरातेत उत्तरायणला गाईला चारा घालणं फार पुण्याचं मानतात. दाजींची आई हयात असेतो गाईला घास दिल्याशिवाय त्यांच्या हाती पतंग देत नसे, ती सवय अजून सुटलेली नाही. मैदानाच्या कडेला दोन गाई आल्या. भिंतीमागे जास्तीच्या पेंढ्यांचा ढीग होता. दाजींनी त्यातली एक पेंढी काढून गाईपुढे टाकली आणि हात जोडले. एवढंच. तेवढ्यात कुणी एक भाई पतंग हातात घेऊन आले आणि म्हणाले, "एक पूळो आपजो ने." दाजींनी दिली. मग दुसऱ्यानं मागितली. मग एक अख्खं कुटुंब गाडीतून उतरलं. ढीग संपला तेव्हा दाजी गर्दीतली वाहनं हटवायला रस्त्यावर गेले होते, आणि लोकांना वाटलं हा सगळा चाऱ्याचाच स्टॉल, भिंत म्हणजे रचून ठेवलेला माल. ओढायला लागले पेंढ्या. शिवाय दारात दोन लाल बादल्या. वाळूत दहा-दहाच्या नोटा खोचलेल्या, वर नाणी. दानपेटी समजून!

मी पोचले तेव्हा दाजी परतले होते आणि दोन्ही हात पसरून भिंतीपुढे उभे होते. "बंद छे! बंद छे!" त्यांच्यासमोर पांढऱ्या साडीतल्या एक वृद्ध बा, काठी टेकत आलेल्या, नातवाच्या हाताला धरून.

त्या दाजींकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "दानना दिवसे ना न पडाय, दीकरा."

दानाच्या दिवशी नाही म्हणायचं नसतं, बाळा. संपलंच. ज्या माणसानं जन्मभर लोकांना 'आत यायचं नाही, हात लावायचा नाही' एवढंच सांगितलं, त्याचे पसरलेले हात खाली आले. त्यांनी वळून भिंतीतून आपल्या हातानं एक पेंढी ओढली आणि बांना दिली. आता एकीला दिली म्हटल्यावर दुसऱ्याला कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? मग ते निदान शिस्त लावायला लागले. "लाइनमां आवो, भाई, लाइनमां!" मी "दाजी, अहो दाजी!" म्हणून ओरडत होते, पण त्या गोंधळात माझं कोण ऐकतंय. आणखी दहा गाई कुठून आल्या देव जाणे.

केतकी आली तेव्हा बांबूंचा सांगाडा आणि पोत्यांचं छत उरलं होतं. एका कोपऱ्यात कमरेएवढी भिंत. एक तपकिरी गाय त्या कोपऱ्याला तोंड लावून निवांत उभी. केतकीनं स्कूटी स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं आणि त्या गाईकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, आता हिचं कच्छ गेलं.

दाजींचा चेहरा मला बघवत नव्हता. "केतू, मी... बा आल्या होत्या... मी आणतो. संध्याकाळच्या आत सगळा चारा आणतो. भिंत उभी करून देतो. नंदा, चल."

मग आमची वरात निघाली. ज्यांना उत्तरायणचं बडोदं बघायचंय त्यांनी चारा शोधत फिरावं, याहून चांगला मार्ग नाही! आधी वासणा रोड, मग सुरसागर तलावाच्या काठानं, मग लहरीपुरा दरवाजातून आत मांडवीकडे. लहरीपुऱ्यात दुकानं अर्धी बंद, पण पतंगवाले आणि जिलेबीवाले जोरात. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन बाजूंच्या गच्च्यांवरची माणसं एकमेकांना तिळाचे लाडू देत होती. वर आभाळ पतंगांनी भरलेलं, विजेच्या तारांवर कापलेले पतंग, आणि खाली आम्ही दोघं. दिसेल त्या गाई राखणाऱ्या भरवाडणीला दाजी विचारतायत, "बेन, घास मळशे?"

प्रत्येक जागी तेच उत्तर. रोज सकाळी चाऱ्याच्या हातगाड्या लागतात त्या सगळ्या रिकाम्या. एका कोपऱ्यावर चांदीच्या जाड कड्यांची एक बाई रिकाम्या गाडीवर बसून बोरं खात होती. तिच्याभोवती पाच-सहा गाई डोळे मिटून बसलेल्या.

"गायो धराई गई छे, बेन," ती हसून मला म्हणाली. गाईंची पोटं भरली. "काले आवजो." उद्या या म्हणे.

दाजी स्कूटरवरून उतरले आणि तिथल्याच एका ओट्यावर बसले. मी समोरून जिलेबी घेऊन आले, गरम, कागदावर. त्यांनी हातात धरली पण खाल्ली नाही.

"नंदा, मी तिला कधी साधं 'सरस केलंस' असं म्हटलं नाही गं," ते म्हणाले. "सकाळी चक्कर मारली ना, तेव्हा बांबू हलवून बघत होतो. एकही हलला नाही. इतकं पक्कं काम! आणि मीच ते गाईंना खायला घातलं."

"मग आता जाऊन म्हणा की," मी म्हटलं. "आणि जिलेबी खा, गार होईल."

त्यांनी खाल्ली. आम्ही रिकाम्या हातानं परत निघालो.

मैदानावर आलो तर वेगळाच तमाशा. भिंती नाहीत म्हटल्यावर त्या सांगाड्यातून चहूकडून वारा खेळत होता आणि छताच्या सावलीत माणसं चटया टाकून बसली होती. कुणी उंधियूचा डबा उघडलेला, कुणी तीळगूळ वाटतंय. सकाळच्या त्या बा मध्यभागी पाय पसरून बसल्या होत्या. छतावर आणि बांबूंवर सात-आठ कापलेले पतंग येऊन अडकले होते, आणि केतकी शिडीवर चढून ते सोडवण्याऐवजी नीट बसवत होती.

"बाबा, राहू दे चारा," ती वरूनच म्हणाली. "भिंती गाईंसाठीच होत्या ना. दोन दिवस आधी गेल्या, एवढंच. आता जे आहे तेच दाखवते."

"पण नंबर?"

"बघू. आधी हे बांबू सैल झालेत ते बांधायला लागा. ओढाताणीत गाठी ढिल्या पडल्यात."

दाजींनी बाह्या वर केल्या. काथ्या घेतला आणि आवळून, दातओठ खाऊन, निरगाठ मारली. केतकी खाली उतरली, ती गाठ तिला बोटांनी सुटेना, शेवटी दात लावून सोडली. "बाबा, ही नको. ही मारली की दोरी कापावी लागते, मग ती फुकट. सुरगाठ मारा. पीळ भरपूर द्यायचे, ताकद पिळात असते, आणि शेवटी हे असं टोक बाहेर ठेवायचं. ओढलं की सुटलं."

"भार घेईल?"

"लोंबकळून बघा."

आणि आमचे दाजी, साठीला टेकलेले, रिफायनरीचे सुरक्षा अधिकारी, खरोखर त्या आडव्या बांबूला लोंबकळले. बा तोंडाला पदर लावून हसल्या. गाठ जागची हलली नाही. मग दाजींनी एकामागून एक बांबू बांधायला घेतले. पहिल्या दोन वेळा हात सवयीनं निरगाठीकडेच वळला. पुढे जमलं. काम संपल्यावर ते मागे सरकून बघत म्हणाले, "सरस केलंस, केतू." इतक्या हळू की मीच ऐकलं असेल असं वाटलं. पण केतकीचे डोळे भरून आले, म्हणजे तिनंही ऐकलं.

दुसरा दिवस वासी उत्तरायणचा, म्हणजे उरलेले पतंग आणि उरलेलं उंधियू. शिळं उंधियू ताज्याहून चांगलं लागतं, हे लिहून ठेवा. त्या दिवशीही सांगाड्याखाली माणसं येत राहिली, आणि बादल्यांमधले पैसे दाजींनी स्वतः जाऊन पांजरापोळला देऊन टाकले.

मग परीक्षक आले. तिघं होते. त्यात त्या संस्थेचं काम बघणाऱ्या, मूळच्या अहमदाबादच्या एक वयस्कर बाई, खादीची साडी, जाड चष्मा. त्यांनी कागदावरचं चित्र पाहिलं, समोरचा सांगाडा पाहिला आणि विचारलं, "भिंती कुठे आहेत?"

"गाईंनी खाल्ल्या," केतकी म्हणाली.

"पण त्या स्पर्धेनंतर जायच्या होत्या ना?"

केतकीनं तोंड उघडायच्या आत दाजी पुढे आले. "मी खाऊ घातल्या. माझी चूक. तिच्या कामात काही खोट नाही, मी स्वतः लोंबकळून बघितलंय." आणि त्यांनी घडलं ते सगळं सांगितलं, बादल्यांसकट. चष्म्याच्या बाई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं, त्याच छताखाली. बराच वेळ बसल्या. जाताना त्यांनी एका गाठीचं टोक ओढलं, गाठ सुटली, ती त्यांनी पुन्हा आपल्या हातानं बांधली.

नंबर मात्र आला नाही. पहिला पुठ्ठ्याच्या नळ्यांचा बोगदा आला. खोटं का बोलू, तो होताही सुंदर आणि ठरल्याप्रमाणे शेवटपर्यंत पुरा उभा होता. त्या बाई केतकीजवळ येऊन म्हणाल्या, "विद्यावेतन पहिल्यालाच. पण तू यावंस असं मला वाटतं. राहणं-जेवणं संस्थेत होईल. विचार करून सांग."

केतकी हसली, आभार मानले आणि काथ्या गुंडाळायला बसली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "शब्द म्हणजे शब्द, मावशी. अहमदाबाद काही वाईट नाही." दाजी दोन हातांवर ऐकत उभे होते. सांगाडा उतरवायला त्यांनीच हात लावला. टोक ओढायचं, बांबू खाली घ्यायचा. बघता बघता सगळं उतरलं. बांबू मांडववाल्याच्या टेम्पोत, पोती व्यापाऱ्याकडे, पतंग पोरांच्या हातात. मैदानावर चार शेणाचे पो तेवढे राहिले, आणि ते एक म्हातारी टोपलीत भरून घेऊन गेली.

मी त्याच संध्याकाळी परतीच्या गाडीत बसले. स्टेशनवर दाजींनी लिलो चिवड्याचा पुडा हातात दिला. मुलगी, कच्छ, अहमदाबाद, एका शब्दानं काही नाही. माझ्या मनाला मात्र चैन पडेना.

साताऱ्याला आल्यावर रथसप्तमीच्या आत मी माझं हळदीकुंकू उरकलं. वाण म्हणून बायकांना उसाचं कांडं आणि मूठभर बोरं दिली. दोघी-तिघींनी नाकं मुरडली. बाकीच्यांनी माझ्याच अंगणात बसून ऊस खाल्ला, चोयट्या शेजारच्या म्हशीपुढे गेल्या, आणि माळ्यावरच्या पोत्यात यंदा एकाही डबीची भर पडली नाही.

मग महिनाअखेरीला ताईचा फोन आला. आवाज असा की मला आधी भीतीच वाटली.

"अगं, ह्यांनी अहमदाबादला फोन करून 'ती येणार नाही' म्हणून सांगितलं. स्वतः! मी म्हटलं, तुमच्या शब्दाचं काय? तर म्हणतात, भिंत मी घालवली, नंबर मी घालवला, शब्दही माझाच होता, मीच मागे घेतो. आज आम्ही दोघं तिला कच्छच्या गाडीत बसवून आलो. सकाळपासून तिच्या भांड्यांचं खोकं बांधत बसले होते. बांधतात काय, सोडतात काय. मी म्हटलं, आवळून बांधा ने, पार कच्छपर्यंत जायचंय. मला म्हणे, तू गप गं, तुला नाही कळायचं."

दुसऱ्या दिवशी केतकीचा फोन आला. मागे वाऱ्याचा घूं घूं आवाज. खोली छोटी आहे, मातीची आहे, भिंतीला हात लावला की गार लागते, असं सगळं भरभर सांगून झालं.

"आणि मावशी, खोकं उघडायला मी आधी सुरीच शोधत होते," ती म्हणाली आणि थांबली. "बाबांनी बांधलेलं ना. पण त्यात एकही निरगाठ नाही गं. सगळ्या सुरगाठी आहेत."